आकाशातले अंतर आणि जमिनीवरचे अंतर

कोलकाता ते आगरतळा हे हवाई अंतर सुमारे ३१५ किलोमीटर आहे. आपल्याकडे मुंबई ते कोल्हापूर साधारण तेवढेच भरते. विमान बांगलादेशावरून सरळ जाते आणि तासाभरात उतरते. तेच अंतर रेल्वेने कापायचे तर सिलिगुडीच्या चिंचोळ्या पट्टीतून आसामला वळसा घालून दीड हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास आणि दीड दिवसांहून अधिक वेळ लागतो. कोल्हापूरकराला मुंबई गाठण्यासाठी मुंबई ते दिल्लीपेक्षाही लांबचा प्रवास घडावा, तसा हा प्रकार आहे. १९४७ च्या फाळणीने आखलेली रेषा त्रिपुरातील माणूस आजही वेळ आणि पैसा या दोन्ही रूपांनी मोजतो आहे.

ईशान्येत नेमणुकीवर असताना आमच्या कार्यालयातील एका रोजंदारी माळ्याच्या मुलाला तातडीने कोलकात्याला हलवावे लागले. त्या दिवशीचे विमानभाडे दोघांचे मिळून त्याच्या महिन्याच्या कमाईहून अधिक होते. आम्ही वर्गणी काढली आणि मुलगा वेळेवर पोहोचला. परंतु ज्याच्या कार्यालयात वर्गणी निघत नाही, त्याचे काय, हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. पर्याय नसला की मागणी अलवचीक होते आणि अलवचीक मागणीपुढे किंमत चढते. केंद्रीय कर्मचाऱ्यांना ईशान्येकडे जाण्यासाठी रजा प्रवास सवलतीत विमानाची विशेष मुभा शासनाने वेळोवेळी दिलेली आहे. म्हणजे येथे विमान ही चैन नव्हे, हे शासनाला मान्य आहे. मग तोच न्याय रुग्णाला का नसावा? २०१६ ची ‘उडान’ योजना मुख्यतः कमी वापराच्या विमानतळांसाठी आहे. गर्दीच्या जुन्या मार्गावरील गरीब प्रवासी तिच्या कक्षेत सहजी येत नाही.

माझी सूचना साधी आहे. जेथे रेल्वेचे अंतर हवाई अंतराच्या चौपटीहून अधिक आहे, तेथे प्रत्येक विमानात काही जागा रुग्ण व सोबत्यासाठी ठरावीक भाड्याने राखाव्यात आणि फरक शासनाने सोसावा. आगरतळा–अखौरा रेल्वेमार्गाचे उद्घाटन १ नोव्हेंबर २०२३ रोजी झाले. तो प्रवाशांसाठी नियमित वाहता होईल तेव्हा हा वळसा मिटू शकेल. पण शेजारी देशांचे संबंध निवळेपर्यंत आजारी माणूस थांबू शकत नाही.

नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजणे सोपे असते. प्रशासनाने मात्र ते सर्वांत रिकाम्या खिशाच्या प्रवाशाच्या घड्याळावर मोजावे, असे मला वाटते.