हवामानाची थकबाकी

१३ नोव्हेंबर २०२१ च्या संध्याकाळी ग्लासगोच्या हवामान परिषदेत अध्यक्ष आलोक शर्मा यांनी जमलेल्या प्रतिनिधींची माफी मागितली आणि बोलता बोलता त्यांचा गळा दाटून आला. ते दृश्य जगभर दाखवले गेले आणि त्याचा अर्थही त्याच वेळी ठरून गेला: भारताने ऐनवेळी कोळशावरचा ठराव मवाळ करून घेतला. कोळसा ‘बंद करण्या’ऐवजी ‘कमी करण्या’ची भाषा पर्यावरणमंत्री भूपेंद्र यादव यांनी मसुद्यात घालायला लावली, हे खरे आहे. तेव्हापासून हवामानाच्या वाटाघाटींचा विषय निघाला की भारताला आडमुठ्या गड्याच्या जागी उभे केले जाते, आणि आपल्याकडचे कितीतरी सुशिक्षित लोक हा आरोप खाली मान घालून ऐकून घेतात. तो ऐकून घेण्यासारखा नाही.

त्याच परिषदेत तीन दिवस आधी, १० नोव्हेंबरला, अमेरिका आणि चीन यांनी संयुक्त निवेदन काढले होते. त्यातही कोळसा ‘कमी करण्या’चीच भाषा होती आणि त्या निवेदनाचे स्वागत झाले. शिवाय ज्या परिच्छेदावरून एवढे रामायण घडले, त्यात कोणत्या इंधनावरची वीज कमी करायची म्हणून फक्त कोळशाचे नाव होते. तेल आणि नैसर्गिक वायू घटवण्याबद्दल अवाक्षर नव्हते. भारताची वीज प्रामुख्याने कोळशावर निघते. अमेरिकेतल्या मोटारी आणि युरोपातली थंडीतली घरे तेला-वायूवर चालतात. म्हणजे गरिबाचे इंधन तेवढे आरोपीच्या पिंजऱ्यात आणि श्रीमंताचे मोकळे. पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, शर्म अल-शेखच्या परिषदेत भारताने सुचवले की एकट्या कोळशाऐवजी सगळीच खनिज इंधने घटवण्याचे वचन द्या. ऐंशीच्या आसपास देशांनी या सूचनेला पाठिंबा दिला. तेल विकणाऱ्या देशांच्या विरोधापुढे ती अंतिम मसुद्यात आलीच नाही. खनिज इंधनांपासून दूर जाण्याची गोष्ट परिषदेच्या ठरावात उमटायला २०२३ चे दुबई उजाडावे लागले, आणि तिथेही वायूसाठी पळवाट ठेवली गेलीच.

हा आरोप टिकत नाही असे दिसले की दुसरा, जास्त गुळगुळीत युक्तिवाद पुढे येतो. औद्योगिक क्रांतीच्या काळात लोकांना कर्बवायूचे परिणाम ठाऊक नव्हते, पणजोबांच्या चुकीची शिक्षा पणतवंडांना कशाला, जुने उगाळत बसू नका. ऐकायला हे समंजस वाटते. पण किती जुने? संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक आंतरसरकारी मंडळाच्या सहाव्या अहवालाप्रमाणे १८५० ते २०१९ या काळात माणसाने हवेत सोडलेल्या कर्बवायूपैकी सुमारे ४२ टक्के १९९० नंतरचा आहे. आणि १९९० साली कोणालाही काही ठाऊक नव्हते, असे म्हणता येत नाही. २३ जून १९८८ रोजी जेम्स हॅन्सन या शास्त्रज्ञाने अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे पृथ्वी तापत असल्याची साक्ष दिली होती. त्याच वर्षी आंतरसरकारी मंडळ स्थापन झाले, १९९० मध्ये त्याचा पहिला अहवाल आला आणि १९९२ मध्ये रिओला अमेरिकेचे अध्यक्ष थोरले बुश यांनी स्वतः हवामान करारावर सही केली. जबाबदारी सगळ्यांची सामाईक आहे, पण सारखी नाही, आणि पुढाकार विकसित देशांनी घ्यायचा, हे त्या कराराच्या तिसऱ्या कलमातच आहे.

सही झाल्यावर काय झाले, त्याच्या नोंदी सरकारी दप्तरात आहेत. क्योटो करार व्हायच्या आधीच, जुलै १९९७ मध्ये, अमेरिकी सिनेटने ९५ विरुद्ध ० मतांनी ठराव केला की विकसनशील देशांवर उत्सर्जन घटवण्याचे बंधन नसेल तर अमेरिकेनेही ते घेऊ नये. २००१ मध्ये धाकट्या बुश यांनी क्योटोकडे पाठ फिरवली. २०११ मध्ये कॅनडाने त्यातून अंग काढून घेतले. पॅरिस करारातून अमेरिका २०२० मध्ये बाहेर पडली, २०२१ मध्ये परतली आणि २० जानेवारी २०२५ रोजी पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश निघाला. खनिज इंधनांतून आजवर निघालेल्या एकूण कर्बवायूत अमेरिकेचा वाटा सुमारे एक चतुर्थांश आहे. जगातली सहातली एक व्यक्ती जिथे राहते त्या भारताचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास. कालव्याच्या मुखाशी बसलेल्याने उसाला हवे तेवढे पाणी घेतले, आता कालव्यात जेमतेम धार उरली आहे, आणि पाणी जपून वापरा हे शेपटाकडच्या ज्वारीवाल्याला सांगितले जात आहे. जपून तर वापरायलाच हवे. पण मुखाशी गेलेल्या पाण्याचा हिशेब मागणे याला जुने उगाळणे म्हणत नाहीत.

हा हिशेब पहिल्यांदा नीट मांडला तो दिल्लीच्या एका छोट्या संस्थेने. १९९० साली वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटने एका अहवालात भातखाचरांतला आणि गुराढोरांचा मिथेन मोजून भारताला मोठ्या प्रदूषकांच्या यादीत वर नेऊन बसवले. पुढच्याच वर्षी सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटचे अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी त्याला लेखी उत्तर दिले. पोटासाठी भात पिकवणाऱ्याच्या शेतातून निघणारा वायू आणि चैनीच्या मोटारीतून निघणारा वायू एकाच तागडीत कसा तोलता, हा त्यांचा प्रश्न होता. हवा सगळ्यांची असेल तर तिच्यावर प्रत्येक माणसाचा हक्क सारखा, हे त्यांचे सूत्र. पस्तीस वर्षे उलटली तरी त्या प्रश्नाला सरळ उत्तर कोणी दिलेले नाही. आजही सरासरी भारतीय वर्षाला सुमारे दोन टन कर्बवायू सोडतो आणि सरासरी अमेरिकी माणूस त्याच्या सातपट.

मग पैशाचे बोला. २००९ मध्ये कोपनहेगनच्या परिषदेत श्रीमंत देशांनी वचन दिले की विकसनशील देशांसाठी २०२० पर्यंत दरवर्षी १०० अब्ज डॉलर उभे करू. ते वचन त्यांच्याच हिशेबाने दोन वर्षे उशिरा, २०२२ मध्ये पुरे झाले. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने त्या वर्षीचा आकडा ११५.९ अब्ज डॉलर सांगितला. आकडा डोळ्यांत भरतो, पण त्यातल्या सरकारी पैशापैकी जवळजवळ ७० टक्के रक्कम कर्जाच्या रूपातली होती. कर्ज फेडावे लागते, बहुधा व्याजासकट. ज्याच्या घरात दुसऱ्यामुळे पाणी शिरले त्याला कर्ज देऊन मदत केली असे म्हणणे कोणत्याही गावात चालणार नाही.

बाकूच्या हवामान परिषदेत २०२४ च्या नोव्हेंबरात नवा आकडा ठरला. विकसनशील देशांची मागणी वर्षाला १.३ लाख कोटी डॉलरची होती. परिषदेची मुदत उलटून गेली, रविवार २४ नोव्हेंबरची पहाट होत आली आणि थकलेल्या प्रतिनिधींसमोर २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरचा मसुदा आला. हा पैसा सरकारी, खासगी, द्विपक्षीय, बहुपक्षीय अशा नाना स्रोतांतून यायचा आणि विकसित देशांनी त्यात ‘पुढाकार’ घ्यायचा. कोणी किती द्यायचे, त्यात अनुदान किती आणि कर्ज किती, याचे बंधन कुठेच नाही. १.३ लाख कोटींचा उल्लेख आहे, पण सर्वांना केलेल्या आवाहनाच्या स्वरूपात. अध्यक्ष मुख्तार बाबायेव यांनी हातोडा आपटला आणि ठराव संमत झाला. भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांना त्याआधी बोलायचे होते. बोलायला मिळाले ते नंतर. त्यांनी हा आकडा नगण्य आणि हा दस्तऐवज दृष्टिभ्रम असल्याचे सांगून भारताचा विरोध नोंदवला. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. ठराव मात्र जागचा हलला नाही. सर्वसहमतीने चालणाऱ्या परिषदेत एवढ्या मोठ्या देशाला हातोडा पडल्यानंतरच तोंड उघडता येते, ही त्या रात्रीची सगळ्यात चिंताजनक गोष्ट होती.

यावर युरोपातून एक प्रतिप्रश्न येतो आणि त्यात तथ्य आहे. पैसे द्यायच्या देशांची यादी १९९२ ची आहे. तीत सौदी अरेबिया नाही, कतार नाही, सिंगापूर नाही, दक्षिण कोरिया नाही. चीनचे दरडोई उत्सर्जन आता युरोपच्या पुढे गेले आहे. ही यादी खुली व्हायलाच हवी, आणि विकसनशील देशांच्या गटात चीनच्या आडोशाला उभे राहण्यात भारताचे हित नाही. मालदीव आणि बांगलादेशाचे तर मुळीच नाही. पण नवा देणेकरी सापडला म्हणून जुन्याचे खाते बंद होत नाही. दरम्यान युरोपने १ जानेवारी २०२६ पासून आयात पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत यांवर कर्बशुल्काची व्यवस्था लागू केली. भारतीय कारखान्यांच्या मालावर गोळा होणारा तो पैसा युरोपच्याच तिजोरीत जाणार आहे. तो निदान गरीब देशांच्या हवामान निधीत वळवा, ही मागणी भारताने प्रत्येक व्यासपीठावर लावून धरली पाहिजे.

इथवरचे वाचून आपल्याकडचा एक वर्ग खूश होईल आणि म्हणेल, बघा, हवामान बदल हा पाश्चात्यांचा कावा आहे आणि या परिषदा म्हणजे सरकारी सहली. या वर्गाचेही खंडन तितक्याच स्पष्टपणे करायला हवे. पॅरिस कराराच्या वेळी जग शतकाअखेर तीन ते साडेतीन अंश तापमानवाढीच्या वाटेवर होते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२५ च्या अहवालात सध्याच्या धोरणांनुसार तो अंदाज २.८ अंशांवर आला आहे. हे पुरेसे नाही, पण शून्यही नाही. आणि तो पाव ते पाऊण अंश कोणासाठी मोलाचा आहे, ते पॅसिफिकमधल्या वानुआतूला विचारावे. तिथल्या विद्यापीठातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेली मोहीम या चिमुकल्या देशाने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत नेली. २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने मत दिले की हवामानाचे रक्षण हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते चुकवणे हे आंतरराष्ट्रीय कायद्याचे उल्लंघन ठरू शकते. परिषदा सोडून घरी बसणाऱ्यांना हे मिळाले नसते.

कावा म्हणणाऱ्यांसाठी पुरावा पुण्यातच आहे. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की मध्य भारताच्या पट्ट्यात, ज्यात महाराष्ट्रही येतो, मोठ्या क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात आणि सोलापुरात जे झाले ते सगळ्यांनी पाहिले आहे. सीना पात्र सोडून शिवारात शिरली, सोयाबीन उभ्या जागी कुजले, विहिरी गाळाने बुजल्या, आणि कित्येकांच्या रानातली काळी माती वाहून जाऊन खाली मुरूम उघडा पडला. पीक एका हंगामाचे जाते. माती पुन्हा तयार व्हायला पिढ्या लागतात. त्या एकाच पावसाचे खापर हवामान बदलावर फोडता येणार नाही, पण असा पाऊस वारंवार पडू लागला आहे हे शास्त्र सांगते. राज्य सरकारने निरनिराळ्या योजनांचा पैसा धरून ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यात खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि बुजलेल्या विहिरीला ३० हजार. हा पैसा महाराष्ट्राच्या करदात्याचा आहे. अशाच हानीसाठी जगाने २०२२ मध्ये ‘हानी आणि नुकसान’ निधी स्थापन केला. पुढच्या तीन वर्षांत सगळ्या जगाने मिळून त्यात देऊ केलेली रक्कम ८० कोटी डॉलरच्याही खाली, म्हणजे सात हजार कोटी रुपयांच्या आसपास राहिली. भारतातल्या एका राज्याच्या एका पावसाळ्यातल्या पॅकेजच्या चौथा हिस्साही नाही. अमेरिकेने देऊ केले होते पावणेदोन कोटी डॉलर, आणि मार्च २०२५ मध्ये ती निधीच्या मंडळातूनही बाहेर पडली.

आता घरचे बोलायला हवे, कारण त्यावाचून बाहेरच्या मागणीला वजन येत नाही. दोन टनांची भारतीय सरासरी गडचिरोलीतल्या आदिवासीला आणि मुंबईतल्या वातानुकूलित मजल्यांना एकत्र भागून निघते. गरिबांच्या पाठीमागे श्रीमंत भारतीय लपतात, हा आक्षेप ग्रीनपीसच्या भारतातल्या शाखेने २००७ मध्येच घेतला होता आणि तो खोडता येत नाही. पैशाचेही तेच. २०१० मध्ये केंद्राने कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर बसवला, स्वच्छ ऊर्जेसाठी वेगळा निधी काढला आणि २०१६ पर्यंत उपकर ४०० रुपयांवर नेला. जगाला दाखवण्याजोगे पाऊल होते ते. २०१७ मध्ये वस्तू आणि सेवा कर आला आणि कोळशावरचे हे ४०० रुपये राज्यांच्या नुकसानभरपाईकडे वळवले गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये तो उपकरही संपला आणि कोळशावरचा कर १८ टक्के झाला. स्वच्छ ऊर्जेसाठी राखीव असे त्यात काही उरले नाही. चंद्रपूरच्या माणसाने कोळशाची राख श्वासात घेतली, पण कोळशावरच्या पैशातून त्याच्या जिल्ह्याला पर्यायी रोजगार मिळाला नाही. भारताची निम्मी वीजनिर्मिती क्षमता २०२५ मध्येच बिगर-खनिज स्रोतांची झाली, ठरल्या मुदतीच्या पाच वर्षे आधी. ही कमाई मोठी आहे. राखून ठेवलेला निधी दुसरीकडे वळवून तिचे तेज कमी करायला नको होते.

म्हणून भारताच्या शिष्टमंडळाने पुढच्या परिषदेत तीन गोष्टी टेबलावर ठेवाव्यात: कर्ज नको, अनुदान हवे; देणाऱ्यांची यादी खुली, पण जुन्या देणेकऱ्यांच्या वाट्याचा आकडा नावासकट; आणि हानी-नुकसानीच्या निधीतून थेट जिल्ह्यापर्यंत पैसा पोहोचण्याची सोय. आणि त्याआधी दिल्लीने संसदेत एक विधेयक आणावे: कोळशावरच्या करातला ठरावीक हिस्सा कोळशाच्या जिल्ह्यांसाठी आणि खरडून गेलेल्या शिवारांसाठी कायद्याने राखीव. वाचकांनी आपापल्या खासदाराला हे एकच विचारावे की २०१० पासून कोळशावर जमा झालेल्या पैशातला आपल्या जिल्ह्याच्या वाट्याला किती आला, आणि उत्तर लेखी मागावे.