हिऱ्याची पारख, ग्राहकाची कसोटी

हिरा घेताना पूर्वी ग्राहकाच्या मनात एकच शंका येई, हा खरा की खोटा? आज हा प्रश्नच अपुरा ठरला आहे. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा रासायनिक आणि भौतिकदृष्ट्या अस्सल हिराच असतो. त्याचे मोल मात्र खाणीतून निघालेल्या हिऱ्याच्या अल्प अंशाइतकेच असते. लग्नसराईत सराफी पेढीची पायरी चढणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबापुढचा पेच त्यामुळे पार बदलला आहे. साठवलेल्या पैशातून लाखभर रुपये मोजताना आपण नेमके काय घेत आहोत, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखणे आता जाणकारालाही शक्य राहिलेले नाही.

हिऱ्याच्या प्रतवारीची आजची परिभाषा अमेरिकेतील जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका अर्थात जीआयए या १९३१ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने रूढ केली. वजन, रंग, नितळपणा आणि पैलूंची घडण हे तिचे चार निकष. एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम आणि त्याचे १०० सेंट. रंगाची श्रेणी संपूर्ण रंगहीन अशा ‘डी’पासून पिवळसर झाक असलेल्या ‘झेड’पर्यंत जाते. नितळपणा दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली तपासला जातो आणि त्याच्या ११ पायऱ्या आहेत.

या चौघांत ग्राहकाचे लक्ष सर्वप्रथम वजनाकडे जाते आणि नेमकी तेथेच गफलत होते. हिऱ्याचे तेज प्रामुख्याने ठरते ते पैलूंच्या घडणीवर. प्रमाणबद्ध पैलू पाडलेला हिरा आत शिरलेला प्रकाश वरच्या बाजूने परत फेकतो. वजन राखण्याच्या मोहाने तळाशी जाड ठेवलेल्या हिऱ्यातून तो प्रकाश खाली वा बाजूला निसटतो. असा हिरा काट्यावर भारी आणि बोटावर निस्तेज ठरतो. शिवाय एक कॅरटचा आकडा गाठताच प्रतिकॅरट दर एकदम वर चढतो. ९५ सेंटचा हिरा दिसायला जवळपास तेवढाच असूनही स्वस्त पडतो. रंग आणि नितळपणा यांबाबतही अट्टहास करण्याचे कारण नाही. ‘व्हीएस’ श्रेणीतील दोष भिंगाशिवाय सहसा दिसत नाहीत आणि पिवळ्या सोन्याच्या कोंदणात किंचितशी झाक लपून जाते. काटकसर तेथे करावी, घडणीत करू नये.

तथापि हे चारही निकष हिऱ्याचा दर्जा सांगतात, कूळ सांगत नाहीत. आणि आज किमतीतील सर्वांत मोठी तफावत कुळावरच अवलंबून आहे. ऐरणीवर घणाचा घाव सोसणारा तोच खरा हिरा, ही समजूत मुळातच चुकीची आहे. हिरा सर्वांत कठीण असला तरी विशिष्ट दिशेने आघात झाल्यास तो दुभंगतो. दुकानात दाखवले जाणारे उष्णतावहन मोजणारे पेन ‘अमेरिकन डायमंड’ म्हणून विकला जाणारा क्युबिक झिरकोनिया ओळखते. मॉयसनाइट मात्र त्याला अनेकदा चकवतो. प्रयोगशाळेतील हिरा तर त्या परीक्षेत उत्तीर्णच होतो, कारण तो हिराच आहे. त्याचे कूळ उलगडते ते प्रयोगशाळेतील वर्णपटाच्या तपासणीतून.

गेल्या काही वर्षांतील घडामोडींनी हा प्रश्न अधिकच तीव्र केला. २०२३च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अशा हिऱ्यांच्या बीजांवरील आयातशुल्क हटवण्यात आले आणि सुरतेतील उत्पादनाला बळ मिळाले. त्याच वर्षी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी जिल बायडेन यांना साडेसात कॅरटचा असाच हिरा भेट दिला. उत्पादन वाढले तसे दर कोसळत गेले. २०१८ मध्ये प्रतिकॅरट ८०० डॉलर दराने या बाजारात उतरलेल्या डी बिअर्सने आपला ‘लाइटबॉक्स’ हा व्यवसाय बंद करण्याचे २०२५ मध्ये जाहीर केले. ९५ टक्क्यांहून अधिक कृत्रिम हिरे रंग आणि नितळपणाच्या वरच्या, अरुंद पट्ट्यातच येतात, असे सांगत जीआयएनेही त्यांना जुनी प्रतवारी देणे थांबवले. ऑक्टोबर २०२५ पासून त्यांचे वर्णन ‘प्रीमियम’ आणि ‘स्टँडर्ड’ एवढ्याच शब्दांत होते. असा हिरा हौसेसाठी घेण्यात काहीच गैर नाही. अडीअडचणीला उपयोगी पडेल या भरवशावर घेणे मात्र धोक्याचे आहे.

येथे एक गैरसमज दूर व्हायला हवा. हिरेजडित दागिन्यावरील हॉलमार्क फक्त सोन्याच्या शुद्धतेची ग्वाही देतो. त्यातील हिऱ्याबद्दल तो अवाक्षरही बोलत नाही. हिऱ्याचे प्रमाणपत्र हेदेखील त्या प्रयोगशाळेचे मत असते, किमतीची हमी नव्हे. दोन प्रयोगशाळा एकाच हिऱ्याला वेगवेगळी श्रेणी देऊ शकतात. म्हणूनच प्रमाणपत्र कोणाचे, हे पाहावे. त्यावरचा क्रमांक हिऱ्याच्या कडेवर लेसरने कोरलेल्या क्रमांकाशी भिंगाखाली ताडून पाहावा आणि संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळावा. बिलावर ‘नैसर्गिक’ की ‘प्रयोगशाळेत निर्मित’ हे स्पष्ट लिहून घ्यावे. सोने, हिरे आणि घडणावळ यांचे दर स्वतंत्र मांडून घ्यावेत. परत विकताना हिऱ्याचे किती पैसे मिळतील, तेही त्याच बिलावर नोंदवून घ्यावे. दागिन्यातील बारीक हिऱ्यांना तर बहुधा स्वतंत्र प्रमाणपत्रच नसते. त्यांच्याबाबत हे लेखी वचन हाच एकमेव आधार.

जगात पैलू पाडल्या जाणाऱ्या दर दहा हिऱ्यांपैकी सुमारे नऊ भारतीय कारागिरांच्या हातांखालून जातात. वांद्रे-कुर्ला संकुलात या व्यापाराची भव्य बाजारपेठ उभी आहे. अशा देशातील ग्राहकाला हिरा केवळ दुकानदाराच्या शब्दावर घ्यावा लागणे शोभणारे नाही. सोन्याला जसा शासनमान्य ठसा मिळाला, तसा हिऱ्याच्या कुळालाही मिळायला हवा. तोवर पारख हिऱ्याची नव्हे, विक्रेत्याची करावी लागणार आणि ‘हिऱ्यापोटी गारगोटी’ ही म्हण बाजारात उलट्या अर्थाने खरी ठरत राहणार.