आजार बाळाला, बोल आईला

मूल वेळेवर बोललं नाही, मान धरली नाही, शाळेत मागे पडलं, की घरातली पहिली नजर कुणाकडे वळते हे मैत्रिणींनो, मी तुम्हाला सांगायला नको. 'ग्रहण पाळलं नव्हतंस ना?' 'सातव्या महिन्यात कशाला गेलीस एवढ्या लांब?' 'तुमच्या माहेरी होतं का असं कुणी?' प्रश्न वेगवेगळे, पण बोट एकाच दिशेला. मंडळाच्या कामासाठी घरोघर जाताना मी हे इतक्यांदा ऐकलं आहे की, आता पुढचा प्रश्न कोणता येणार ते आधीच कळतं.

गंमत म्हणजे यातल्या काही आजारांचं खरं उत्तर तीस वर्षांपूर्वीच सापडलेलं आहे. ते आपल्या ओसरीपर्यंत पोचलं नाही, एवढंच. मी कला शाखेची, तरी हे समजून घ्यायचं ठरवलं. कारण उत्तर ठाऊक नसेल तर बोलणी खाणाऱ्या सुनेच्या बाजूने उभं तरी कसं राहायचं?

आपल्या प्रत्येक पेशीत डीएनए असतो. आजीची पाककृतींची जाडजूड वहीच म्हणा ना! ती कपाटात जपून ठेवलेली. रोजच्या स्वयंपाकाला आपण ती बाहेर काढत नाही, हवी तेवढी कृती चिठ्ठीवर उतरवून घेतो. ही चिठ्ठी म्हणजे आरएनए. तिच्यावरून शरीराला लागणारी प्रथिनं तयार होतात. पण चिठ्ठी एकटी फिरत नाही. तिला धरून ठेवणारी, तिच्यातला नको तो मजकूर कापणारी, तिला योग्य जागी पोचवणारी आणि 'आत्ता नको, जरा थांब' असं सांगणारी वेगळी प्रथिनं असतात. लग्नघरातल्या मुदपाकखान्यात एक अनुभवी काकू असतात बघा. स्वतः पळीला हात लावत नाहीत, पण त्या नसल्या तर भाताआधी जिलेबी होते आणि आमटी कुणी टाकलेलीच नसते! आरएनएला धरणारी ही प्रथिनं म्हणजे पेशीतल्या त्या काकू.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले रेण्वीय जीवशास्त्रज्ञ गिडिअन ड्रेफस यांनी या प्रथिनांच्या अभ्यासाला वर्षानुवर्षं दिली. १९९१ साली 'फ्रॅजाइल एक्स' या आजाराचं जनुक सापडलं होतं. वंशपरंपरेने येणाऱ्या बौद्धिक अक्षमतेचं, एकाच जनुकातल्या बिघाडामुळे होणारं हे सर्वांत मोठं कारण. साधारण चार हजार मुलग्यांमागे एकाला तो होतो, मुलींना त्याहून कमी. जनुक सापडलं, पण ते करतं काय हे ठाऊक नव्हतं. १९९३ मध्ये ड्रेफस यांच्या प्रयोगशाळेत हारुहिको आणि मिकिको सिओमी या जपानी शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की, या जनुकापासून बनणारं प्रथिन आरएनएला धरणारं आहे. पुढच्या वर्षी त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. त्या प्रथिनात एका रुग्णात आढळलेला एवढासा बदल झाला, की त्याची आरएनएवरची पकड सैल पडते. मेंदूतल्या पेशी जिथे एकमेकींना जोडल्या जातात, तिथे 'थांब' म्हणणारं हे प्रथिन. तेच नसेल तर तिथली कामं बेशिस्त होतात. मग मूल उशिरा बोलतं, नजर टाळतं, गोंगाटाने बिथरतं, शिकायला त्याला जड जातं. यात ग्रहणाचा संबंध कुठे आला, सांगा बरं?

आता माहेरचा प्रश्न. हा आजार 'एक्स' गुणसूत्रावरून येतो. त्या जनुकात तीन अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा लिहिलेला असतो. बहुतेकांत तो ४५ पेक्षा कमी वेळा येतो. ५५ ते २०० वेळा आला, तर ती व्यक्ती वाहक. २०० च्या पुढे गेला की जनुक बंदच पडतं. वाहक आईकडून मुलाकडे जाताना ही संख्या वाढू शकते. म्हणजे मुलात आजार येतो तो आईच्या बाजूने, हे खरंच आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण त्या आईला तो तुकडा कदाचित तिच्या वडिलांकडून आलेला असतो. वाहक पुरुष तो आपल्या सगळ्या मुलींना देतो, मुलग्यांना एकालाही नाही. त्या बिचाऱ्या वडिलांना जन्मभर त्याचा पत्ताही नसतो.

'आलं कुठून?' आणि 'चूक कुणाची?' हे दोन प्रश्न वेगळे आहेत. आपल्या घरांत त्यांची गल्लत होते आणि सगळा छळ तिथूनच सुरू होतो. आलं कुठून, हे शोधायलाच हवं, कारण त्यावरून पुढची काळजी घेता येते. चूक मात्र कुणाचीच नसते. डोळ्यांचा रंग कुणी निवडून दिलेला नसतो, तसंच हेही.

हे शोधणं बाईच्या स्वतःच्या तब्येतीसाठीही महत्त्वाचं आहे. वाहक स्त्रियांपैकी साधारण पाचातल्या एकीची पाळी चाळिशीच्या आतच गडबडते किंवा थांबते. कित्येकींना मूल राहत नाही आणि पदरात 'वांझ' हा शब्द पडतो. वाहक पुरुषांपैकी काहींना पन्नाशीनंतर हातांना कंप सुटतो, तोल जातो. हात थरथरणारे आजोबा, पाळी लवकर गेलेली मावशी आणि न बोलणारा नातू एकाच घरात असतील, तर डॉक्टरांना हे तिन्ही एका दमात सांगा. दर वेळी हेच निघेल असं नाही. कंप सुटण्याची इतरही ढीगभर कारणं आहेत. पण सांगितलंच नाही, तर धागा जुळायचा कसा?

दुसरा आजार एसएमए. पाठीच्या कण्यातल्या, स्नायूंना हलवणाऱ्या चेतापेशी यात मरत जातात. त्याचं जनुक १९९५ मध्ये पॅरिसमध्ये ज्युडिथ मेल्की या शास्त्रज्ञ बाईंच्या गटाने शोधलं. त्यापासून बनणारं प्रथिन, आरएनएच्या चिठ्ठ्या कापण्याची अवजारं जुळवतं, हे उलगडण्यात पुन्हा ड्रेफस यांच्याच प्रयोगशाळेचा मोठा वाटा. इथे बहुतेक वेळा आई आणि वडील दोघंही वाहक असतात आणि प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणजे सासर-माहेर, दोन्हीकडून अर्धा-अर्धा हिशेब! तरी बोलणी एकीलाच. मामे-आते भावंडांत लग्नं लावण्याची रीत आपल्याकडे आहे, त्यात दोघंही एकाच बिघाडाचे वाहक असण्याची शक्यता वाढते. ती रीत काही सुनेने पाडलेली नसते.

या संशोधनातून औषधंही आली. बहुतेकांत या जनुकाचं एक जोडजनुक असतं, पण त्याची चिठ्ठी चुकीची कापली जाते. अमेरिकेतले शास्त्रज्ञ एड्रियन क्रेनर यांनी ती कापणी सुधारण्याचा मार्ग काढला आणि डिसेंबर २०१६ मध्ये 'नुसिनर्सन' या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. सोळा कोटींच्या इंजेक्शनसाठी मदतीची आवाहनं आपण वर्तमानपत्रांत वाचली आहेत, ते याच आजारावरचं दुसरं औषध. तोंडाने घ्यायचं 'रिस्डिप्लाम' मात्र २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयातल्या लढाईनंतर एका भारतीय कंपनीनेही बाजारात आणलं आणि त्याची किंमत खूप खाली आली. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणाखाली ठरावीक केंद्रांतून ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. मुंबईचं केईएम त्यातलंच एक. फ्रॅजाइल एक्सवर मुळावरचं औषध नाही. पण वाचा-उपचार, सवयींचं शिक्षण आणि समजूतदार शाळा मिळाली, तर मुलाच्या आयुष्यात फरक पडतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं. मूल मागे पडतंय असं वाटलं तर नवस आणि दोरे-गंडे यांत वर्ष घालवू नका. आधी कान तपासा, मग बालरोगतज्ज्ञांना सरळ विचारा, 'जनुकीय तपासणी हवी का?' बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत सरकारी बालस्वास्थ्य कार्यक्रमातलं लहान मुलांसाठीचं केंद्र असतं. अंगणवाडीताईंना त्याचा पत्ता ठाऊक असतो.

दुसरं, तपासणी व्हायची तर दोघांची व्हावी. लग्नाआधी पत्रिकेसारखी नुसत्या मुलीचीच रक्ततपासणी मागायची आणि वाहक निघाली की स्थळ मोडायचं, हे मला साफ नामंजूर आहे. विज्ञानाने आपल्या हाती दिवा दिलाय, त्याचा पलिता करून बाईवर धरायचा नसतो. गरोदरपणातही गर्भाची जनुकीय तपासणी नोंदणीकृत केंद्रात कायदेशीर आहे, मुलगा की मुलगी हे सांगणं मात्र गुन्हा आहे. हा फरक सासूबाईंनाही ठाऊक असू द्या.

आणि तिसरं, हे आपल्या बायकांच्याच हातात आहे. हळदीकुंकवाला, बारशाला हा विषय निघतोच. पुढच्या वेळी कुणी कुजबुजलं, 'कुणाच्या बाजूने आलं म्हणे?' तर तुम्ही मोठ्याने विचारा, 'तपासणीला कधी जायचं, आणि तिच्यासोबत कोण कोण येणार?'