मोबाईलने शब्द दाखवू नये, विचारावा

मित्रमैत्रिणींनो आणि भित्तिपत्रक वाचायला आलेल्या पालकहो,

हल्ली पुष्कळ मुले मोबाईलवर इंग्रजी शब्द शिकतात. आईच्या मोबाईलवरही तसा एक खेळ आहे. चित्र येते, खाली शब्द येतो, बोट लावले की चांदणी मिळते. माझ्या मते ह्या चांदण्या खोट्या आहेत. शब्द समोर लिहिलेला असताना तो कोणालाही येतो. झाकल्यावर आला तर खरा.

आमच्या घरी मोबाईल एक आणि भावंडे तीन. बाबा कामावरून आले की मोबाईल त्यांचा. माझ्या वाट्याला वीस मिनिटे येतात. ती चांदण्यांत गेली तर परीक्षेत काय लिहू?

बाईंनी आम्हाला एबिंगहाउस ह्या जर्मन शास्त्रज्ञाची माहिती सांगितली. त्यांनी बिनअर्थाची अक्षरे पाठ करून स्वतःचीच परीक्षा घेतली आणि १८८५ साली त्यावर पुस्तक लिहिले. (आपल्याला तर अर्थाचे शब्दही जड जातात!) पाठ केलेले सुरुवातीला भराभर विसरते, नंतर विसरणे हळू होते. एकाच दिवशी घोकण्यापेक्षा तीन दिवसांत वाटून घोकले तर कमी वेळा घोकावे लागते. पण आमचा खेळ आज वीस शब्द देतो, उद्या नवे वीस. कालचे विचारतच नाही. पाढ्यांचे तसे नसते. ते रोज म्हणतो आणि बाई मधूनच विचारतात, “सात आठे?” म्हणून ते डोक्यात राहतात.

लाइटनर नावाच्या पत्रकारांनी १९७२ साली पुस्तकात एक युक्ती दिली. आम्ही ती चपलांच्या खोक्यात केली. तीन कप्पे पाडले. जुन्या लग्नपत्रिका कापून चिठ्ठ्या केल्या. एका बाजूला ‘कोरिअँडर’, मागे ‘सांबार’. पुस्तकात कोथिंबीर आहे, पण आजी म्हणते, “कोथिंबीर काय असते वं? सांबार म्हण ना!” उत्तर बरोबर आले की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकले की परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज काढायचा, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने. त्यामुळे येणाऱ्या शब्दांत वेळ जात नाही.

काही मोठी माणसे म्हणतात, आपल्या जवळच्या पवनारच्या विनोबांनी वेल्लोरच्या तुरुंगात दक्षिणेच्या चार भाषा शिकल्या, तेव्हा मोबाईल कुठे होता? ते खरे आहे. तरी मोबाईल नकोच, असे मला वाटत नाही. ‘नाइफ’च्या स्पेलिंगात आधी के येतो, पण तो म्हणायचा नसतो, हे खोका बोलून सांगत नाही. मोबाईल सांगतो. कोणता शब्द कोणत्या दिवशी विचारायचा ह्याचा हिशोबही त्याला ठेवता येतो. आन्की नावाच्या ॲपमध्ये तसेच होते. मग खेळ बनवणाऱ्यांनी चांदण्या कमी करून हे का करू नये?

पालकहो, “मोबाईलवर किती वेळ अभ्यास केला?” असे विचारू नका. तीन दिवसांपूर्वीचा शब्द विचारा. आमचा खोका खिडकीजवळ ठेवला आहे. त्यातली एक चिठ्ठी काढून आपल्या मुलाला विचारून पाहा. उत्तर मागच्या बाजूला आहे. ते आधी दाखवू नका.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी