खबर आली, आधी पारखून घ्या

मोबाइलवरचे सर्वांत आवडते अ‍ॅप कोणते, हे मंगरूळपीरमध्ये कोणाला विचारत बसावे लागत नाही. तरुण मुले इन्स्टाग्रामवर रमतात, थोडी मोठी मंडळी फेसबुक पाहतात; पण घराघरांत चालते ते व्हॉट्सअ‍ॅपच. अकोल्याला दिलेली बहीण, पुण्यात शिकणारा भाचा, आखाती देशात कामाला गेलेले मामू, सारे एकाच खानदानी ग्रुपवर असतात. निकाहची दावत, मय्यतीची खबर, रमजानचे वेळापत्रक तिथेच कळते. नाती जोडून ठेवा, ही आपल्या दीनची शिकवण आहे. त्या कामी हे अ‍ॅप येत असेल तर त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही.

पण ज्या वाटेने सलाम येतो, त्याच वाटेने अफवाही येते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे, आठवडी बाजाराच्या दिवशी पाच जणांना जमावाने ठार मारले. ते मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षुकीवर पोट भरणारे लोक होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे मेसेज त्या दिवसांत मोबाइलवर फिरत होते. त्याच वर्षी देशभर पसरलेला एक व्हिडिओ तर मुळात कराचीतील एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवला होता. त्यात मूल परत आणून सोडतात, तेवढाच भाग कापून टाकला होता.

या घटनांनंतर व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर बाण दिसू लागला. दोन बाण दिसले, तर तो मेसेज अनेक हातांतून फिरत आला आहे असे समजावे. एप्रिल २०२० पासून असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. मात्र मजकूर कॉपी करून नव्याने टाकला की बाण नाहीसा होतो. म्हणजे राखणदारी शेवटी आपल्यालाच करावी लागते.

कुरआनच्या सूरह अल-हुजुरातमधील सहावी आयत याच विषयावर आहे. भरवशाचा नसलेला माणूस खबर घेऊन आला तर तिची शहानिशा करा, नाहीतर नकळत कोणावर जुलूम होईल आणि मागाहून पस्तावाल, असा तिचा आशय आहे. इथे आम्हाला एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. आपल्याविरुद्धची अफवा आपल्याला लगेच खोटी वाटते. पण आपल्याला राग आणणारी, आपल्या बाजूची वाटणारी खबर आली की तपास करण्याआधीच बोट फॉरवर्डवर जाते. इमानाची परीक्षा त्या क्षणी असते. आमच्या गावात दादा हयात कलंदर यांचा दर्गा आहे, तसे बिरबलनाथ महाराजांचे मंदिरही आहे. बाजारात एकमेकांशिवाय कोणाचे चालत नाही. एका खोट्या मेसेजची किंमत सगळ्या गावाला मोजावी लागते.

म्हणून प्रत्येक घराने काही सवयी लावून घ्याव्यात. ज्याने पाठवले त्याला फोन करून विचारा, “तुम्ही स्वतः पाहिले का?” उत्तर ‘नाही’ असेल तर मेसेज तिथेच थांबवा. व्हिडिओ कुठला, कधीचा, हे कळल्याशिवाय पुढे पाठवू नका. वडीलधाऱ्यांनी चुकीचे काही टाकले तर ग्रुपवर त्यांचा पाणउतारा करू नका. “अब्बा, ही खबर जुनी आहे,” असे वेगळे सांगा. आपल्याच हातून गेले असेल तर सर्वांसाठी डिलीट करा आणि त्याच ग्रुपवर खरी गोष्ट लिहा. लग्नपत्रिका म्हणून आलेल्या फाइलच्या नावाशेवटी ‘एपीके’ असेल तर ती उघडू नका. तशा फाइलीतून मोबाइल आणि बँक खाते दोन्ही लुटले जातात. पैसे गेलेच तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करा.

जीभ सांभाळा, असे आपण मुलांना लहानपणापासून शिकवतो. आता बोटही सांभाळायला शिकवू या. ऐकले ते सारे पुढे न सांगणे हीसुद्धा नेकी आहे, आणि ती घरातील मोठ्यांपासून सुरू झाली तर मुलेही शिकतील, इन्शाअल्लाह.