गोंदियात पाहण्यासारखे आहे काय?

दिवाळीची सुटी लागली की आमच्या गोंदियाच्या गृहस्थाचा बेत ठरलेला. शनिवारी सकाळच्या गाडीने नागपूर; उतरताच तर्री-पोहे, सीताबर्डीवर खरेदी, रविवारी अजब बंगला आणि परतताना संत्र्याची बर्फी! या बेताला माझी हरकत नाही. 1863 साली उघडलेले ते संग्रहालय मुलांनी पाहिलेच पाहिजे. माझे भांडण आहे ते परतीच्या गाडीतल्या एका वाक्याशी : "आपल्या गोंदियात पाहण्यासारखे आहे काय?"

अहो, ज्या पोह्यांवर तुम्ही तर्री ओतून घेतलीत, ते धानाचेच ना? मग धान कसे भरडतात, कोंडा कुठे जातो, हे गिरण्यांच्या गावातल्या तुमच्या मुलाने कधी पाहिले आहे? तेंदूच्या पानाची बिडी वळणारी चपळ बोटे त्याला कधी दाखवलीत? इंग्रजांचे इंजिनियर येण्याआधी कोहळ्यांनी बांधलेला नवेगावबांधचा तलाव?

आणि सर्वांत मोठी लाज पुढेच आहे. अजब बंगल्यात काचेआडच्या गोंडांच्या वस्तू आपण डोळे विस्फारून पाहतो. आणि सालेकसा-देवरीकडचा गोंड आठवडी बाजारात रानमेवा घेऊन बसला की दोन रुपयांसाठी त्याच्याशी हुज्जत घालतो. वस्तूला मान, माणसाला नाही! मूल हेही पाहतेच.

नागपूरला खुशाल जा. पण एक रविवार गोंदियासाठी राखा. आपल्या गावात पाहण्यासारखे काही नाही, हे ज्या मुलाला घरातच शिकवले, ते उद्या गाव सोडून गेले, तर दोष त्याला देऊ नका.