फ्रान्सच्या प्रवासाची आखणी : शेतकऱ्याच्या दृष्टीनें

आपल्या द्राक्षबागाइतदारांपैकीं व दूधधंद्यांतील मंडळींपैकीं कित्येकांस अलीकडे परदेशगमनाचा योग येऊं लागला आहे. कोणी सरकारी अभ्यासदौऱ्यांतून जातात, कोणी स्वतःच्या खर्चानें सहकुटुंब जातात. फ्रान्स म्हटला म्हणजे तेथील चीज आणि वाइन हीं ओघानें आलींच. आणि प्रवासी कंपन्याही हें ओळखून दहा दिवसांत पॅरिस, शॅम्पेन, बोर्दो व प्रोव्हांस असा कार्यक्रम हातीं ठेवतात. आमच्या मतें हा कार्यक्रम शेतकऱ्यानें साफ नाकारावा. शॅम्पेन ईशान्येस, बोर्दो नैर्ऋत्येस, प्रोव्हांस आग्नेयेस. म्हणजे निम्मा वेळ गाडींत जावयाचा, आणि उरलेल्या वेळांत मोठमोठीं तळघरें दाखवून, पेलाभर वाइन चाखवून, शेवटीं दुकानांत आणून सोडावयाचें. शहरी माणसास यांत मौज वाटत असेल. ज्यास स्वतःच्या मालाचा भाव स्वतः ठरवितां येत नाहीं, त्यानें इतक्या दूर जाऊन दुसऱ्याचें दुकान काय म्हणून पाहावें?

प्रांत एकच निवडावा, आणि तोही लहान. आमची शिफारस स्वित्झर्लंडच्या सीमेलगतच्या ज्युरा पर्वताची व त्याच्या पश्चिम उताराची आहे. पॅरिसहून द्रुतगति रेल्वेनें सुमारें दीड तासांत दिझों गांठावें व तेथें मोटार भाड्यानें घ्यावी. पुढें आर्ब्वा, पोलिन्यी, शातो-शालों हीं गांवें इतकीं जवळ जवळ आहेत कीं, एकाच ठिकाणीं बिऱ्हाड ठेवून आठवडा सहज कारणीं लागतो.

येथें प्रथम पाहावयाचें तें कोंते नांवाचें चीज, किंबहुना तें करणारी गांवची संस्था. तिला फ्रुइत्येर म्हणतात. या चिजाची एक चकती सुमारें ४० किलोंची, आणि तिला लागणारें दूध सुमारें ४०० लिटर. डोंगरांतल्या लहान शेतकऱ्याच्या दोनचार गाईंना इतकें दूध कोठून यावें? म्हणून गांवानें दूध एकत्र करावयाचें आणि हिंवाळ्यापुरता टिकाऊ माल करून ठेवावयाचा, ही वहिवाट तेथें तेराव्या शतकापासून आढळते. सहकार हा शब्दही जन्मला नव्हता तेव्हांची ही गोष्ट आहे. आज तिला नियमांची जोड मिळाली आहे. १९५८ सालीं या चिजाच्या नांवास कायद्याचें संरक्षण लाभलें. गाय मोंबेलियार्द किंवा सिमेंटल जातीचीच हवी. तिला मुरघास घालतां येत नाहीं, चारा गवताचा व वाळल्या गवताचा. दर गाईमागें निदान एक हेक्टर कुरण. आणि एका संस्थेचें दूध पंचवीस किलोमीटर व्यासाच्या वर्तुळांतलेंच असलें पाहिजे. चीज कमींत कमी चार महिने मुरल्यावर त्यास वीसपैकीं गुण देतात. चौदा व त्यावर गुण मिळाल्यास हिरवी पट्टी, बारा ते चौदांस तपकिरी. आणि बारांच्या खालीं आल्यास तो माल कोंते या नांवानें विकतांच येत नाहीं. सकाळीं लवकर गेल्यास कित्येक संस्थांत चीज करण्याची कृति पाहावयास मिळते. तेथें चीज खाण्यापेक्षां हे गुण कोण देतो, दुधाचा हिशेब कसा होतो, नापास मालाचें काय करतात, हे प्रश्न विचारावे. त्यासाठीं मात्र आधीं पत्र लिहून वेळ ठरवावी व दुभाष्या जवळ असावा. (शाकाहारी वाचकांनीं ध्यानांत ठेवावें कीं, हें चीज वासराच्या जठरांतील द्रव्यानें विरजतात.)

द्राक्षाची गोष्ट याहून तिखट आहे. फायलोक्सेरा या मुळांवरील किडीनें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथील बागा उजाड केल्या. एके काळीं वीस हजार हेक्टरांच्या आसपास असलेला मळा आज सुमारें दोन हजार हेक्टरांवर आला आहे. जे उरले त्यांनीं चीजवाल्या शेजाऱ्यांचाच कित्ता गिरवून १९०६ सालीं आर्ब्वा येथें वाइनची फ्रुइत्येर काढली, आणि १९३६ सालीं फ्रान्समध्यें ज्या पहिल्या गांवांच्या नांवांस संरक्षण मिळालें त्यांत आर्ब्वा होतें. लुई पास्तर याचें बालपण याच गांवीं गेलें व पुढें वाइनच्या रोगांचे प्रयोगही त्यानें येथें केले. त्याचें घर पाहण्याजोगें आहे.

परंतु खरी यात्रा शातो-शालोंची. सावान्यें नांवाच्या द्राक्षापासून केलेली पिवळी वाइन येथें पिंपांत सहा वर्षांहून अधिक काळ राहूं देतात; पिंप पुन्हां भरत नाहींत. म्हणून लिटरांतून उरेल तेवढीच, ६२ सेंटिलिटरची, बाटली. भांडवल इतकीं वर्षें अडकवून ठेवणाऱ्या या लोकांनीं १९७४, १९८०, १९८४ आणि २००१ या सालीं पीक योग्यतेचें नाहीं असें ठरवून गांवाचें नांव बाटलीवर लावलेंच नाहीं. आमच्या मतें फ्रान्सला जाऊन शिकण्यासारखें जें कांहीं आहे तें या चार सालांत आहे. आपल्याकडे भौगोलिक निर्देशनाचा १९९९ चा कायदा २००३ पासून अमलांत आहे. नाशिकचीं द्राक्षें, नाशिक खोऱ्यांतील वाइन, कोंकणचा हापूस यांचीं नांवें त्याखालीं नोंदलेलीं आहेत. तरी कर्नाटकांतला आंबा देवगडच्या नांवानें विकला जातो ही ओरड दरवर्षीं ऐकूं येतेच. परक्याची लबाडी उघडी करणें सोपें. आपल्याच सभासदाचा हलका माल परत करणारी समिति आपल्यापैकीं किती संघांत आहे?

काळ कोणता धरावा? सप्टेंबरांत तोडणीची धांदल असते. त्या वेळीं पाहुण्याशीं बोलावयास शेतकऱ्यास उसंत नसते, हें आपणांस सांगावयास नको. मे महिन्याचा उत्तरार्ध उत्तम. गाई कुरणांत सोडलेल्या असतात, वेली फुटलेल्या असतात, आणि आपल्याकडील खरड छाटणी उरकून पेरणीच्या आंत परतही येतां येतें. व्हिसाचा अर्ज सहा महिने आधींपासून करतां येतो. तो शेवटच्या पंधरवड्यावर ढकलूं नये. दुपारीं बारा ते दोन सर्व कांहीं बंद असतें, त्या वेळीं जेवावें. न पिणाऱ्यांनीं संकोच करूं नये. वाइन चाखून थुंकण्याचें भांडें तेथें ठेवलेलेंच असतें.

दिवस असे जुळवावे कीं, एक सोमवार लूआं गांवच्या बाजारास मोकळा राहील. हें गांव ज्युराच्या पायथ्याच्या सपाटीवर, ब्रेस मुलखांत आहे, आणि बाजार कोंबड्यांचा भरतो. ब्रेसच्या कोंबडीस १९५७ च्या कायद्यानें संरक्षण आहे. पांढरीं पिसें, निळे पाय, दर पक्ष्यास निदान दहा चौरस मीटर गवताची जागा, आणि खाद्य मक्याचें व दुधाचें. विकावयास येणाऱ्या प्रत्येक पक्ष्याच्या पायांत एक कडी असते, आणि तीवर व्यापाऱ्याचें नव्हे, पाळणाऱ्या शेतकऱ्याचें नांव असतें.